मानलेलं म्हणजे इतर

माझ्या कामाला एक लांबलचक नाव आहे. ते माझ्या ओळखपत्रावर दोन ओळींत छापलंय आणि वाचून कुणाला काही म्हणजे काही कळत नाही. शेजारच्या काकूंना मी साधं सांगितलं की कॉम्प्युटरचं काम करते, तर त्या त्यांचा बंद पडलेला प्रिंटर घेऊन दारात उभ्या. तेव्हापासून मी लोकांना नीट समजावून सांगते. तुम्हीही ऐका, कारण पुढचा सगळा घोळ त्यावरच आहे.

आमची कंपनी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करते. पेशंटला भेटायला कोण येऊ शकतं, डॉक्टरांनी बातमी कुणाला सांगायची, ऑपरेशनच्या कागदावर सही कुणाची चालते, हे ते सॉफ्टवेअर ठरवतं. प्रत्येक हॉस्पिटलचे नियम वेगळे, म्हणून प्रत्येकाचा एक आराखडा असतो. नुसते चौकोन आणि बाण. चौकोन म्हणजे पेशंट, वॉर्ड, नातेवाईक, आणि बाण म्हणजे कोण कुणाचं काय लागतं. आराखडा काढला की त्यातून प्रोग्रॅम आपोआप तयार होतो. असे अडतीस आराखडे आमच्याकडे आहेत आणि त्या अडतीसांच्या डोक्यावर एक साचा बसलेला आहे. कोणते चौकोन काढायला परवानगी आहे आणि बाण कुठून कुठे जाऊ शकतो, हे साचा सांगतो. आराखडा साच्यात बसला तर हिरवी खूण येते, नाही बसला तर लाल.

साचा एकदा ठरला आणि गप्प बसला असता, तर मला नोकरीच नसती. पण साच्याला स्वस्थ बसवत नाही. दर दीड-दोन वर्षांनी कुणीतरी नवा शहाणा येतो, साच्यात हात घालतो, आणि कालपर्यंत सुखात नांदणारे अडतीस आराखडे एका झटक्यात लाल होतात. त्यांना परत हिरवं करायचं काम माझं.

कधी साच्यात नुसती भर पडते, म्हणजे घरात एक जास्तीची खुंटी ठोकली, कुणाला काही करावं लागत नाही. कधी एखादं नाव बदलतं, म्हणजे दारावरची पाटी बदलायची. एक नियम लिहिला की अडतीसच्या अडतीस पाट्या बदलतात आणि मी निवांत चहा पिते. पण कधीकधी ही मंडळी खोलीच पाडतात. मग त्या खोलीत राहणाऱ्यांना कुठे न्यायचं, हे कॉम्प्युटरला सांगता येत नाही. ते कुणीतरी बसून ठरवायचं असतं, आणि आमच्या ऑफिसात ते कुणीतरी म्हणजे मी.

यंदाचा शहाणा माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आणि दोन पायऱ्यांनी वरचा. त्याला आम्ही चौकट म्हणतो. त्याला जगातली प्रत्येक गोष्ट चौकटीत बसवायची असते, डब्यातली पोळीसुद्धा घडीवर घडी घालून अगदी चौकोनी करूनच खातो. माणूस वाईट नाही. फक्त बरोबर असण्याची त्याला वाईट सवय आहे.

बुधवारी मीटिंग होती. जुन्या साच्यात नातं तीन प्रकारचं होतं: रक्ताचं, लग्नाचं आणि मानलेलं. चौकटने तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"हे काय आहे? कुणीही उठून म्हणेल, मी ह्यांचा मानलेला भाऊ. पुरावा काय? हे तपासता येत नाही. जे तपासता येत नाही ते साच्यात नको."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी तेव्हा त्या तिसऱ्या प्रकाराच्या बाजूने दोन शब्द बोलू शकले असते. पण जेवायची वेळ झाली होती आणि माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, "मानलेलंच आहे ना? मग आजपासून मानू नका."

अख्खी खोली हसली. साहेबांनी तर चष्मा काढून डोळे पुसले. तिसरा प्रकार त्या हसण्यातच गेला, कुणी हातसुद्धा वर केला नाही. मी जागेवर येऊन नियम लिहिला: नातं मानलेलं असेल, तर ते 'इतर'मध्ये टाका. एक ओळ. सात मिनिटं लागली, त्यातली तीन पेन शोधण्यात गेली. कॉम्प्युटरने सांगितलं, या नियमात दोनशे बारा नोंदी बसतात, यादी बघायची आहे का? मी 'नाही' दाबलं.

'इतर' म्हणजे काय, तेही सांगते. इतर माणूस दुपारी चार ते पाच भेटायला येऊ शकतो. तो सही करू शकत नाही, डॉक्टर त्याला काही सांगत नाहीत. फुलं आणू शकतो, तीही काउंटरवर ठेवायची.

एक गोष्ट मात्र मी दरवेळी करते, हट्टाने. चौकोन नव्या साच्यात गेला की त्याच्याबरोबर एक जादा रकाना पाठवते, आधी तो कोण होता हे सांगणारा. ऑफिसात त्याला 'माहेर' म्हणतात, नाव मीच ठेवलं. उद्या सासरी नाही जमलं तर परत कुठे जायचं, एवढं तरी लिहिलेलं असावं. चौकटच्या मते हा कचरा. "सगळे हिरवे झालेत, आता मागचं कशाला वागवायचं?" म्हणाला. शनिवारी आराखडे हलवायचे आणि सोमवारी सकाळी दहा वाजता माहेरचा रकाना पुसून टाकायचा, असं ठरलं. मी थोडी कुरकुर केली आणि सोडून दिलं, कारण सोमवारी मी रजेवर होते. मावशीचं ऑपरेशन होतं.

मावशी म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी. चाळीस वर्षं तिने बसमध्ये तिकीट तपासनीस म्हणून नोकरी केली. मी नऊ वर्षांची असताना आईला धुलाईच्या कारखान्यात दुपारपाळी लागली, आणि आई मला वर सोडून जायला लागली. मावशीने लग्न केलं नव्हतं, मुलांची तिला हौसही नव्हती. पहिल्या दिवशी तिने मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "मला लहान मुलांशी बोलता येत नाही, तेव्हा तू मोठ्यासारखी बोल." मी बोलायला लागले ती आजतागायत थांबलेली नाही. मी सोळाची असताना आई गेली. सामान बांधून मामाकडे जायचं ठरत होतं, तेव्हा मावशी जिना उतरून खाली आली, माझी बॅग उचलली आणि सरळ वर घेऊन गेली. ती माझी कोण, असं मला कुणी विचारलं नाही आणि मीही कधी कुणाला सांगितलं नाही.

आता ती चौऱ्याहत्तरची आहे आणि तिचा खुबा पार झिजलाय. आठ महिने ती जिना उतरलेली नाही. खुर्चीतून उठताना कण्हणं ऐकू येऊ नये म्हणून रेडिओ मोठा करते, आणि तिला वाटतं मला कळत नाही. त्या ऑपरेशनची तारीख मिळवताना माझ्या नाकी नऊ आले होते.

सोमवारी सकाळी नऊ वाजता आम्ही हॉस्पिटलात पोचलो. मावशी चाकाच्या खुर्चीत, मांडीवर पर्स, आणि नजर अशी की समोरच्याने आपोआप तिकीट काढून दाखवावं. त्या हॉस्पिटलचा नियम असा की सत्तरीच्या पुढच्या पेशंटला पूर्ण भूल द्यायची असेल, तर पेशंटबरोबर एका नातेवाइकाची सही लागते. कागद साडेदहापर्यंत पूर्ण नसेल, तर डॉक्टर पुढचा पेशंट घेतात.

काउंटरवर एक तरुण चष्मेवाली बसली होती. तिने नाव टाकलं, स्क्रीन बघितला आणि माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, तुम्ही 'इतर' आहात."

"मी भाची आहे. मागच्या आठवड्यात फॉर्मवर लिहून दिलंय."

तिने तो फॉर्म काढून दाखवला. 'भाची' माझ्याच अक्षरात होतं. आणि त्याच्या आधी, वरच्या बाजूला, बारीक टोकदार अक्षरात कुणीतरी घातलं होतं: मानलेली.

मी मावशीकडे वळले. "हे तू लिहिलंस?"

"तू फोनवर बोलत होतीस तेव्हा. अर्धवट माहिती होती, मी पूर्ण केली."

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, माझी तर फरशीच निघाली. दोनशे बारा. त्यातली एक मावशी होती आणि मी यादी उघडून बघायचे कष्ट घेतले नव्हते. मी चष्मेवालीला समजावायला गेले की हे नातं आधी चालत होतं, शनिवारी साचा बदलला, त्यात एक नियम आहे, त्या नियमाने असं झालं.

"तुम्हाला बरीच माहिती आहे," ती म्हणाली.

"तो नियम मीच लिहिलाय."

"मग बरं झालं. मला वाटलं आता तुम्हाला समजावत बसावं लागणार."

मुलगी भली होती, मला टोमणा मारत नव्हती, म्हणूनच तो जास्त लागला. तिने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मी सरळ 'भाची, रक्ताची' असं टाकून बघते. कोण तपासतंय?"

तिने टाकलं. स्क्रीन लाल झाला. सख्खी भाची असेल तर तिच्या आईच्या आणि मावशीच्या वडिलांचं नाव जुळायला हवं, असं खाली लिहून आलं. तो नियमही माझाच. तीन वर्षांपूर्वी लिहिला होता, त्याबद्दल मला शाबासकी मिळाली होती.

"वडिलांचं नाव पण बदलून टाकू?" चष्मेवालीने विचारलं.

"बस," मावशी म्हणाली. मोठ्याने नाही, पण रांगेतली चार माणसं मागे सरली. "चाळीस वर्षं मी दुसऱ्याच्या पासवर कुणाला जाऊ दिलं नाही. आता म्हातारपणी मी स्वतः जाऊ?"

"मावशी, आज नाही झालं तर पुढची तारीख अडीच महिन्यांनी आहे."

"मग अडीच महिन्यांनी."

"अगं, तुला धड झोपता येत नाही."

"मला झोपता येत नाही ते मी बघेन. हिच्या आईचा बाप माझा बाप नव्हता, आणि त्याची मला लाज वाटत नाही. 'मानलेली' लिहिलंय ते खरं आहे. ते तुमच्या मशीनला कळत नसेल तर मशीनला शिकवा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी तिचा इतका राग आला की खुर्ची ढकलत तिला परत घरी नेऊन सोडावंसं वाटलं. मी तिला भिंतीशी लावलं, बाकावर बसून लॅपटॉप उघडला आणि चौकटला फोन लावला. नऊ पस्तीस झाले होते.

"माहेरला हात लावू नकोस," मी म्हटलं.

"लावला," तो म्हणाला. "मोकळाच होतो, म्हणून लवकर सुरू केलं. अकरा हॉस्पिटलं झाली."

"थांबव. आत्ताच्या आत्ता थांबव."

त्याने थांबवलं, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. कारण विचारायच्या आधी थांबवलं. मावशीचं हॉस्पिटल यादीत एकोणिसावं होतं. मी त्याला सगळं सांगितलं.

"पण एका पेशंटसाठी साचा मागे नेता येत नाही," तो म्हणाला.

"दोनशे बारांसाठी."

"माझा मुद्दा तोच आहे. कुणीही म्हणेल मानलेला. उद्या कुणी लबाड माणूस म्हाताऱ्या बाईचा मानलेला पुतण्या होऊन सही करून जाईल. तुम्ही सांगा, कसं तपासायचं? तुम्ही बुधवारी काही बोलला नाहीत."

"बुधवारी मी विनोद केला."

"चांगला होता," तो म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला, म्हणून मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. जुन्या साच्यात त्या नात्याचा बाण एकेरी होता. मी म्हणायचं ही माझी मावशी, की झालं. ती मला भाची मानते का, हे कुणी विचारतच नव्हतं. रक्ताला विचारावं लागत नाही, ते असतं. लग्नात दोघांनाही विचारतात. आणि ज्या नात्यात विचारण्यावाचून दुसरा आधारच नाही, तिथे आम्ही कुणालाच विचारलं नव्हतं.

"बाण दुहेरी कर," मी म्हटलं. "मानलेलं परत आण, पण दोन्ही टोकांनी मानलं तरच हिरवं. एकाने नाही म्हटलं की लाल."

पलीकडे टकटक थांबली. "हे तपासता येतं," चौकट हळूच म्हणाला. इतका आनंद त्याच्या आवाजात मी आजवर ऐकला नव्हता. "साच्यात मी टाकतो. साहेबांना मी सांगतो. तुम्ही आराखडा बघा."

नऊ पंचावन्न. मी बाकावर बसून नियम लिहायला घेतला: माहेरच्या रकान्यात 'मानलेलं' असेल, तर 'इतर'मधून बाहेर काढा, परत नेऊन ठेवा, आणि दोघांना विचारा. दोनदा कंस चुकला. मावशी बाजूला बसून बघत होती. आठ महिन्यांत तिला इतकी करमणूक मिळाली नसावी.

"काय करतेस?" तिने विचारलं.

खोटं बोलायचं ठिकाण नव्हतं. "आपल्या नात्याला 'इतर' मी केलं, मावशी. मीच. आता परत आणतेय."

"का केलंस?"

"मीटिंगमध्ये एक विनोद सुचला. 'मानलेलंच आहे, मग आजपासून मानू नका.' लोक हसले, आणि ते तसंच झालं."

मी मान वर केली नाही, टाइप करत राहिले. माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, नवव्या वर्षी तिच्या कपाटातला बिल्ला हरवला होता तेव्हा झाल्या होत्या तशा.

"हसले का लोक?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"खूप."

"हं," ती म्हणाली, आणि पर्सचा चाप उघडून बंद केला.

दहा बारा. चौकटचा निरोप आला: साचा टाकला. मी आराखडा त्यात बसवला. लाल. एका ठिकाणी मी दुसरं टोक रिकामं ठेवलं होतं. भरलं. पुन्हा लाल. चष्मेवाली काउंटर सोडून माझ्यामागे येऊन उभी राहिली होती, रांगेतले दोघंही तिच्याबरोबर आले होते. तिसऱ्यांदा हिरवं आलं. रांगेतल्या एका गृहस्थाने, त्यांना काय कळलं देव जाणे, माझ्या पाठीवर थाप मारली.

दहा एकवीस. चष्मेवाली धावत जागेवर गेली आणि तिने नाव उघडलं. स्क्रीनवर दोन प्रश्न आले होते. पहिला मला. ह्या तुमच्या मानलेल्या मावशी आहेत, हे तुम्हाला मान्य आहे का? मी 'मान्य' दाबलं. पस्तीस वर्षांत हे मी पहिल्यांदा कुठेतरी म्हटलं होतं, आणि तेही काउंटरवर, रबरी कळीवर बोट ठेवून.

दुसरा प्रश्न पेशंटला होता. चष्मेवालीने हातात धरायचा छोटा स्क्रीन मावशीसमोर केला. मावशीने पर्समधून चष्मा काढला, पुसला, लावला, आणि वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"'नाही'चं बटणही आहे," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "असायला लागतं."

"ते चालतं का?"

"मावशी, दहा चोवीस झालेत."

"मी विचारलं, ते चालतं का?"

"चालतं. तू ते दाबलंस तर मी 'इतर'. चार ते पाच, फुलं काउंटरवर."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "ते चालत नसतं, तर ह्याला काही अर्थ नव्हता."

आणि तिने 'मान्य'वर अंगठा ठेवला. चांगला दाबून ठेवला, स्क्रीन हिरवा झाल्यावरही उचलला नाही. शेवटी चष्मेवालीला तिचा अंगठा हळूच सोडवावा लागला. मी कागदावर सही केली. सहीच्या खाली नात्याची जागा होती, तिथे छापून आलं होतं: मानलेली भाची. दोघी जणींना मान्य.

तिला आत नेत होते तेव्हा तिने माझं मनगट धरलं. मला वाटलं आता काहीतरी प्रेमाचं बोलेल. ती म्हणाली, "बाकीच्या दोनशे अकरांना सकाळपासून कुणी आत सोडलं असेल का?"

दार बंद झालं. मी तिथेच बाकावर बसले, लॅपटॉप पुन्हा उघडला आणि बुधवारी जी यादी बघितली नव्हती ती पहिल्या नावापासून वाचायला घेतली.